मास्तरीण आजी : शांताबाई कांबळे यांची आठवण

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'एका शिक्षिका आजीची आठवण' असे छापले आहे. ते वाचून दोघा-तिघांनी विचारलेही, कोणाची आजी? आपल्या वस्तीतली का? तर आजी आपल्या वस्तीतली नाही. आपल्या जिल्ह्यातलीही नाही. कर्जत-जामखेडकडून शीव ओलांडली की करमाळा लागतो, तिथून पुढे पंढरपूर करून सांगोला तालुका. त्या सांगोला तालुक्यात महूद नावाचे गाव आहे. त्या गावच्या महारवाड्यात १ मार्च १९२३ रोजी जन्मलेली, माहेरची नाजा सखाराम बाबर आणि जगाला ठाऊक असलेली शांताबाई कृष्णाजी कांबळे, हीच आमची आजी. २५ जानेवारी २०२३ रोजी ती गेली. शंभरी भरायला पाच आठवडे कमी पडले.

आता तुम्ही म्हणाल, जिल्ह्यात काय माणसे संपली की सोलापूरच्या बाईवर बोलता? संपली नाहीत. पण शिकलेल्या बाईचा विषय निघाला की आपल्या नगरची मान उगीच ताठ होते, आणि त्या ताठ मानेचा हिशेब शांताबाईंशिवाय पुरा होत नाही, असे आमचे मत आहे.

तो हिशेब असा. मिस सिंथिया फरार नावाची अमेरिकन मिशनची शिक्षिका १८३९ साली नगरला आली आणि तिने इथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि आपणही मुलींसाठी शाळा काढावी हे त्यांच्या मनाने घेतले. 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली नगरलाच निघाले, पुढे ते मुंबईला गेले. त्याच 'ज्ञानोदया'त १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुलीचा निबंध छापून आला. महार-मांगांचे दुःख त्यांच्याच लेकीने लिहून काढले. हे सगळे आपण दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला सांगतो आणि टाळ्या घेतो.

पण बंधू-भगिनींनो, १८५५ नंतर पुढे काय झाले? सोलापूर जिल्ह्यात पहिली दलित शिक्षिका म्हणून शांताबाई स्कूल बोर्डाच्या शाळेत उभ्या राहिल्या ते साल १९४२. निबंध लिहिणाऱ्या मुलीपासून फळ्यापाशी खडू घेऊन उभ्या राहिलेल्या बाईपर्यंत सत्त्याऐंशी वर्षे! दोन-तीन पिढ्या उंबऱ्याबाहेरच बसून राहिल्या. म्हणून आम्हाला ही बाई महत्त्वाची वाटते.

तिचा जन्म १९२३ चा, हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मांडून मंजूर करून घेतला की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळा स्थानिक बोर्डांच्या हाती गेल्या. म्हणजे महूदच्या महारवाड्यात ही पोर जन्मली तेव्हा कागदावर शाळेचे दार तिच्यासाठी उघडलेले होते. कागदावर! कागदावरचे पाणी पिऊन कोणाची तहान भागत नाही हे सांगायला बाबासाहेबांना १९२७ साली महाडच्या तळ्यावर जावे लागले. आणि तरीही कागद नसता तर महाडला उभे राहायला पायाखाली जमीन कुठली, हेही तितकेच खरे.

शांताबाईंनी लहानपणाची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. शाळेतल्या मैत्रिणीला बोलवायला ती तिच्या घरी गेली. दारात रांगोळी काढलेली. मैत्रिणीची आई आतून ओरडली की महाराची पोर तू, तिथंच थांब, रांगोळीत पाय घालू नकोस. एवढीच गोष्ट. कोणी मारले नाही, कोणी शिव्यांची लाखोली वाहिली नाही. पण शाळेत एका वर्गात बसणाऱ्या दोन पोरींमध्ये पांढऱ्या भुकटीची एक रेघ आली आणि ती म्हातारपणापर्यंत आठवणीत राहिली. आमच्यापैकी ज्या बायका साठीच्या पुढे आहेत, त्यांना ही रेघ वेगळी समजावून सांगायची गरज नाही. काहींच्या बाबतीत ती रांगोळीची नव्हती, हंड्याची होती, माठाची होती, दळण टाकायच्या रांगेची होती.

घरी अठरा विश्वे दारिद्र्य. गावकीचे काम, मागून आणलेली भाकरी, सुगीच्या दिवसांत चार दाणे आणि बाकी उपास. माणदेशाचा तो मुलूख आपल्या कर्जत-जामखेड-पाथर्डीसारखाच, पावसाने पाठ फिरवलेला. अशा घरात पोरीला शाळेत धाडणे म्हणजे रोजगाराचे दोन हात कमी करणे. ते तिच्या आईबापांनी केले. म्हणून पुढे पुस्तक लिहिले तेव्हा शांताबाईंनी ते आपल्या आई-आप्पांना अर्पण केले. आम्हाला त्या आई-आप्पांचे फार वाटते. न शिकलेल्या माणसाने शिक्षणावर ठेवलेला भरवसा हा शिकलेल्या माणसाच्या भरवशापेक्षा जड असतो.

तेव्हा मराठी सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. ती पास झालेला माणूस मास्तर होऊ शकत असे. लग्न झाले तेही मास्तराशीच, कृष्णाजी कांबळे यांच्याशी. पुस्तकात ते 'कांबळे मास्तर' म्हणून येतात. १९४२ साली शांताबाई नोकरीला लागल्या. तिशीच्या घरात, संसार डोक्यावर असताना, १९५२ च्या सुमारास पुण्याच्या महिला ट्रेनिंग कॉलेजातले दोन वर्षांचे शिक्षण त्यांनी पुरे केले. १९५७ साली जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या आणि १९८१ साली सेवानिवृत्त झाल्या. एकूण एकोणचाळीस वर्षांची नोकरी.

चार वाक्यांत नोकरी सांगून झाली, पण ती तशी झाली नव्हती. आमच्या मंडळातल्या तिघी जणी शिक्षिका होत्या, त्यांनी या चार वाक्यांचा अर्थ आम्हाला उलगडून सांगितला. बदली झाली की नवे गाव. नव्या गावात पहिला प्रश्न खोलीचा. शाळेत मुलांना शिकवायला बाई चालते, पण खोली द्यायची म्हटली की आडनाव विचारतात. मग पाणी कुठून भरायचे? तान्हे लेकरू असले तर ते कुठे ठेवायचे? आणि हे सगळे सांभाळून सकाळी घंटेच्या आधी शाळेत, हजेरीपट हातात, पदर खोचलेला. या तिघींनी हे साठ-सत्तरच्या दशकांत सोसले. शांताबाई त्यांच्या वीस-तीस वर्षे आधी याच वाटेने चालल्या होत्या, तेव्हा तर वाटच नव्हती.

आणि जत तालुका! आजच्या सांगली जिल्ह्याचे ते टोक, कर्नाटकाला लागून. कित्येक गावांत पोरांची घरची बोली कानडी. विस्तार अधिकाऱ्याचे काम शाळा तपासायचे, हजेरीपट बघायचा, पोरांना उभे करून वाचायला लावायचे, मास्तराच्या कामावर शेरा लिहायचा. ज्या बाईला दाराबाहेर रांगोळीपाशी थांबवले होते, तिच्यासमोर गावोगावचे सगळ्या जातींचे मास्तर दप्तर घेऊन उभे राहू लागले. यावरून कोणी नाटक लिहिले तर त्यात सूड घालील. आम्हाला तसे वाटत नाही. शाळा तपासायला आलेल्या बाईचे सगळे लक्ष पोराला वाचता येते की नाही याकडेच असते.

आता जे सांगायचे आहे ते जरा अवघड आहे. आमच्या मंडळातच यावर दोन तट पडले होते. एक म्हणाला, विहाराच्या स्मरणिकेत असले घरातले कशाला? दुसरा म्हणाला, बाईने स्वतः छापून प्रसिद्ध केले ते आपण झाकून ठेवणारे कोण? शेवटी दुसऱ्याचे ऐकायचे ठरले.

तर गोष्ट अशी की कांबळे मास्तरांनी दुसरे लग्न केले. शिकलेला माणूस, शाळामास्तर, चळवळीच्या हवेतला, आणि घरात एक बायको असताना दुसरी आणली. नाजाने काय करावे? त्या काळच्या रीतीप्रमाणे तिने रडून-भेकून सवतीबरोबर चूल वाटून घ्यायची. तसे तिने केले नाही. ती उठली आणि माहेरी, आई-आप्पांकडे निघून आली. पुढे हा संसार पुन्हा सांधला गेला, मुलेबाळे झाली, दोघांनी मिळून लेकरे शिकवली. पण मधल्या त्या दिवसांत एक बाई आपल्या पायावर उभी राहिली. आमच्या आजीच्या पिढीतल्या किती बायकांना तसे उठता आले? उठायचे मन सगळ्यांचे होत असेल. उठून जायचे कुठे आणि खायचे काय, तिथे पाय अडतात. शिक्षण झालेली, नोकरीची वाट दिसणारी बाई उठू शकते. मुलींना का शिकवायचे यावर आपण इथे दरवर्षी भाषणे करतो, राष्ट्राची प्रगती, समाजाची उन्नती असे मोठमोठे बोलतो. ते बरोबरच आहे. पण घरातून उठून जाता यावे हेही एक कारण आहे, आणि ते कोणी पाटीवर लिहीत नाही.

दुसरी गोष्ट, शांताबाईंनी हे लिहिताना नवऱ्याला राक्षस केले नाही. तो मास्तर होता, शिकवत होता, बाबासाहेबांच्या विचाराचा होता आणि त्याने हे केले, असे सरळ मांडले. आपल्याकडे माणूस एक तर देव नाही तर खलनायक. समोर बसलेल्या बंधूंनी या मुद्द्यावर मान खाली घालायची गरज नाही, फक्त ऐकले तरी पुरे.

१९८१ साली नोकरी संपली आणि तिने लिहायला घेतले. पुष्कळ लोक निवृत्तीनंतर तीर्थयात्रा करतात, हिने वही घेतली. १९८३ साली 'पूर्वा' मासिकातून ते क्रमाने छापून आले आणि १९८६ साली 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे पुस्तक झाले. दलित स्त्रीने लिहिलेले पहिले आत्मकथन म्हणून त्याचे नाव घेतात. फ्रेंच भाषेतही त्याचा अनुवाद झाला. त्याच १९८६ साली बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले, त्याआधी १९८३ साली मुक्ता सर्वगोड यांचे 'मिटलेली कवाडे' आले होते. पहिले कोण यावर प्राध्यापक मंडळी बोलोत. आम्हाला एवढेच दिसते की दोन-चार वर्षांत आपल्या तीन-चार आज्या-मावश्या एकदम बोलायला लागल्या. त्याआधी १९७८ साली आपल्या जिल्ह्याच्या, अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांचे 'बलुतं' आले होते आणि मराठी साहित्याची झोप उडाली होती. 'बलुतं'मध्ये बाप्या माणसाने महारवाडा सांगितला. चुलीमागून तो कसा दिसतो ते या बायकांनी सांगितले.

पुस्तकाच्या नावाकडे एकदा नीट बघा. 'माज्या', 'जल्माची', 'चित्तर'. ही बाई एकोणचाळीस वर्षे शाळाखात्यात होती. पोरांनी वहीत 'जल्म' लिहिले तर लाल शाईने खोडून 'जन्म' करायचे, हे शिक्षकाचे रोजचे काम. आणि स्वतःच्या आयुष्याचे पुस्तक काढायची वेळ आली तेव्हा मुखपृष्ठावर तिने शुद्धलेखन बाजूला ठेवले आणि आईची बोली घातली. तिला शुद्ध येत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही! ज्या तोंडाने ते आयुष्य सोसले त्याच तोंडाने ते सांगायचे, असे तिने ठरवले असणार. आपल्या पोरी आजी बोलायला लागली की 'आजी, असं नाही म्हणायचं' म्हणून टोकतात. इंग्रजी शाळेत जाणारी नातवंडे तर हसतात. त्यांना हे मुखपृष्ठ दाखवावे.

'चित्तरकथा' म्हणजे एकेक चित्र उलटत सांगितलेली गोष्ट. पैठणकडचे चित्रकथी पूर्वी पोथीतली चित्रे दाखवत रात्रभर कथा सांगायचे. शांताबाईंचे पुस्तकही तसेच आहे. छोटे छोटे प्रसंग, एक झाला की दुसरा, मध्ये उपदेश नाही.

ऑगस्ट १९९० मध्ये मुंबई दूरदर्शनवर या पुस्तकावरून 'नाजुका' ही मालिका आली. तेव्हा वस्तीत टीव्ही किती होते ते मोजायला एका हाताची बोटे पुरत. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळी वस्ती. महारवाड्यातल्या पोरीची गोष्ट पडद्यावर येते याचेच म्हाताऱ्या बायकांना नवल वाटायचे. रामायण-महाभारत नुकतेच होऊन गेले होते, तिथे राजवाडे बघितले होते. इथे चूल, मडके आणि फाटके लुगडे दिसले.

या आजीचा मुलगा म्हणजे प्रा. अरुण कांबळे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या पिढीचा हा बिनीचा कार्यकर्ता, कवी, मराठीचा प्राध्यापक. 'रामायणातील संस्कृतीसंघर्ष' हे त्यांचे पुस्तक खूप गाजले. मास्तरणीच्या पोटी पँथर जन्मला यात आम्हाला काही आश्चर्य वाटत नाही. खडू आणि घोषणा यांचे नाते जवळचे आहे. पण डिसेंबर २००९ मध्ये हैदराबाद येथे अरुण कांबळे गेले. तेव्हा आईचे वय शहाऐंशी. त्यानंतर तेरा वर्षे ती जगली. तेरा वर्षे म्हणजे पहिलीत गेलेले पोर बारावी पास होऊन बाहेर पडते त्याहूनही मोठा काळ. त्यावर आम्ही आणखी काही बोलत नाही.

आता आपल्याकडे येऊ. वस्तीत नोकरी केलेल्या आजी किती आहेत ते आम्ही महिना-दोन महिने घरोघर फिरून बघितले. शिक्षिका आहेत, बालवाडीच्या ताई आहेत, दवाखान्यात आया म्हणून, नगरपालिकेत झाडूवाली म्हणून निवृत्त झालेल्या आहेत. बहुतेकींचा वाढदिवस १ जून! कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. सगळ्यांचा वाढदिवस एकदम करायचा तर मंडप लागेल. हसायची गोष्ट आहे, पण त्या एका तारखेमागे कोणाच्याही जन्माची नोंद कोणी ठेवली नव्हती, हे आहे.

नोंदीचेच बोलायचे तर, १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले. बाबासाहेबांच्या चळवळीत ज्या बायका मोर्चाला गेल्या, परिषदांना गेल्या, त्यांना या दोघींनी शोधून काढले, त्यांच्यासमोर बसून विचारले आणि लिहून घेतले. त्या म्हाताऱ्या पुढे राहिल्या नाहीत, पुस्तक राहिले. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची परिषद आपल्या कोपरगावच्या शिवेला लागून झाली. नगर जिल्ह्यातून गाडीवाटेने, पायी किती आया-बाया गेल्या असतील! त्यांची नावे आज कोणाला सांगता येतील? तेव्हा दहा वर्षांची असलेली पोर आज हयात असली तर नव्वदी ओलांडून गेलेली असणार.

म्हणून महिला मंडळाने एक काम अंगावर घेतले आहे. येत्या वर्षावासात दर रविवारी वंदना झाल्यावर एका आजीला इथे बसवायचे आणि तिला बोलू द्यायचे. लिहून घ्यायला दहावी-बारावीच्या पोरी असतील, मोबाईलवर आवाजही टिपून ठेवायचा. दोन नियम आम्ही आधीच केले आहेत. एक, आजीची भाषा कोणी सुधारायची नाही, 'जल्म' म्हणाली तर 'जल्म'च लिहायचे. दुसरा, मुलगा किंवा सून शेजारी बसून 'हे नको सांगू' म्हणणार नाही. जे सांगायचे नाही ते आजी स्वतःच गाळील, तेवढे शहाणपण तिला आहे. ज्यांच्या घरी जुनी सर्व्हिस बुके, बदलीचे हुकूम, शाळेचे सामुदायिक फोटो, व्हर्नाक्युलर फायनलची सर्टिफिकेटे पडली असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. आम्ही झेरॉक्स काढून मूळ कागद परत करू. कपाटाची सोय विहार समितीने मान्य केली आहे, चावी दोघींकडे राहील.

'माज्या जल्माची चित्तरकथा'ची एक प्रत विहाराच्या ग्रंथालयासाठी आणली आहे. ती घरी नेताना वहीत नाव लिहावे आणि पंधरा दिवसांत परत करावी. पहिल्या रविवारी कोणाला बसवायचे ते ठरले आहे, पण त्या आजी आत्ता समोरच बसल्या आहेत आणि लाजून उठून जातील म्हणून नाव घेत नाही.



जयभीम! नमो बुद्धाय!